फुटाला एक सूत

गेल्या रविवारी गल्लीतले एक काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. त्यांच्या थोरल्याला कंपनी तीन वर्षांसाठी जपानला पाठवतेय. पेढे द्यायला आलोय असं ते म्हणत होते, पण उंबऱ्याशी चपला काढतानाच कळत होतं की माणूस काहीतरी विचारायला आलाय. आण्णा सोप्यात पाटाची फळी रंधत बसले होते, मी पलीकडे परात मांडीवर घेऊन मटार सोलत होते. थोडा वेळ ऊसतोडीचं, गुळाच्या दराचं बोलणं झालं. मग काका म्हणाले, "तुम्ही पोरीला पाठवलासा की एवढ्या लांब. मन कसं काय केलं?" आण्णांनी रंधा आडवा ठेवला, पात्यात अडकलेली साल बोटानं काढली आणि म्हणाले, "दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई बघा. रविवारी जोतिबाला जाऊन आलो. सोमवारी उजाडता सांगितलं, जा म्हणून. मी म्हटल्याबिगर ती पाऊल टाकणारी न्हवंच." काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मटाराचा एक दाणा परातीबाहेर उडून कपाटाखाली गेला. तो काढायला म्हणून मी वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

आण्णांच्या त्या बोलण्यात एक चूक आहे. ती फक्त मला माहीत होती, आणि इतकी वर्षं मी ती दुरुस्त केली नव्हती.

२०१७ चा ऑक्टोबर होता, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटीला होते. शुक्रवारी दुपारी साडेचारला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचं कास्टिंग, म्हणजे ओतलेले सुटे भाग, जर्मनीत ज्यांच्याकडं जातं, त्यांच्या कारखान्यात आमचा एक माणूस दोन वर्षं बसवायचं ठरलं होतं. माल तिथं पोचतो, मशीनवर चढतो, आणि वरची कातडी निघाली की आतला दोष उघडा पडतो. इथून ईमेलवर वाद घालत बसण्यापेक्षा तिथं उभं राहून बघणारं कुणीतरी हवं होतं. "घरी विचार आणि सोमवारी सांग," साहेब म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, "जातो, सर." "अगं, घरी तरी विचार." "विचारायचं काय त्यात? जातो." त्यांनी समोरच्या कागदावर माझं नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली. निळ्या पेनाची ती रेघ मला अजून दिसते. बाहेर आले तर भट्टीतून वितळलेलं लोखंड काढणं, म्हणजे टॅपिंग, चालू होतं. त्या बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, उजेड ओतायच्या लेडलमधून छतावर नाचत होता, तोंडावर धग येत होती, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की हे सगळं माझं आहे, मी कमावलेलं आहे, आणि इथून पुढं जायचंही मीच ठरवलंय.

ही ऊब पंचगंगेच्या पुलापर्यंत टिकली. पुलावर गाडी आली, नदीचा वारा लागला आणि पोटात खड्डा पडला. दोन वर्षं. आईचे गुडघे. गल्लीतल्या बायका. एकतिसावं लागलेलं, लग्न नाही, आणि ही निघाली. शुक्रवार पेठेत शिरेपर्यंत माझ्या तोंडातलं वाक्य बदललं होतं. रात्री जेवणं उरकल्यावर, आई भांडी आवरत असताना, मी म्हणाले, "आण्णा, कंपनी जर्मनीला जा म्हणतीया. दोन वर्षं. जाऊ काय?"

हे का विचारलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एक उत्तर बरं दिसणारं आहे: आमच्या घरात विचारणं म्हणजे परवानगी मागणं नसतंच, ते माया करण्याचं एक रूप असतं. रंकाळ्यावर जायचं तरी "येऊ काय जाऊन?" म्हणायचं, नवीन ड्रेस शिवून झाला तरी "घेऊ काय हा रंग?" म्हणायचं. ज्याला विचारलं त्याला वाटतं आपण त्यात आहोत. पण दुसरं उत्तर त्याच्या खाली आहे आणि ते तितकंसं बरं दिसत नाही. मला भीती वाटत होती. उद्या काही वाकडं झालं, तर ते माझं एकटीचं ठरवणं नको होतं. कुणीतरी मोठ्यानं "जा" म्हटलेलं असावं, असं मला हवं होतं. आणि कुणाच्या खांद्यावर ते ठेवायचं हे मला त्या पुलावरच कळलं होतं.

आण्णांनी प्रश्न खरा मानला. हेच मला टोचतं. ते पॅटर्नमेकर, उद्यमनगरात चौतीस वर्षं सागवानाचे पॅटर्न केले. ज्यांनी ओतकाम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: बीड गार होताना आकसतं, म्हणून ज्याच्यावरून वाळूचा साचा करायचा तो लाकडी पॅटर्न नेमक्या मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. बिडासाठी फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्याजवळ वेगळी पट्टी असते. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा प्रत्येक फूट एका सुतानं जास्त लांब. ती चुकून घरच्या सुतारकामाला वापरली की दार चौकटीत बसत नाही. शनिवारी ते उद्यमनगरात त्यांच्या जुन्या मालकांना भेटायला गेले. मालकांचा भाचा कधीकाळी परदेशात होता म्हणे. संध्याकाळी येऊन त्यांनी माझा शाळेतला नकाशांचा संग्रह कपाटातून काढला, चष्मा लावला, आणि कोल्हापूरच्या ठिपक्यापासून जर्मनीपर्यंत पट्टी धरली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांनी आकडा वाचला, मग एकदम थांबले. "ही न्हवं," स्वतःशीच म्हणाले, उठले आणि खुंटीवरची दुसरी, साधी पट्टी घेऊन आले. नकाशावरच्या चार इंचांत फुटामागच्या एका सुतानं काय फरक पडणार होता? पण त्यांना अंतर बरोबर मोजायचं होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी दारातून मागं सरले आणि कुकर लावला.

रविवारी ते एसटीनं जोतिबाला गेले. येताना कपाळावर, कानामागं, शर्टाच्या कॉलरला गुलाल. त्या रात्री सोप्यातला दिवा दोनदा लागला, दोनदा विझला. सोमवारी सकाळी मी दात घासत असताना ते मोरीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "जा. मी म्हणतो, जा. रोज फोन कर म्हंजे झालं."

मी त्यांच्या पाया पडले. तोंडात पेस्टचा फेस तसाच होता.

व्हिसा, कागदं, मुंबईचा विमानतळ हे सगळ्यांचं सारखंच असतं, त्यात माझं वेगळं काही नाही. जानेवारीत पोचले. नेकार नदीच्या काठचं, स्टुटगार्टपासून जवळचं एक छोटं गाव. नदीच्या दोन्ही बाजूंना उतारावर द्राक्षांचे मळे, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले, आणि त्या वेळी सगळे नुसते काळे खुंट. दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, तो नोंदवला. दुसऱ्या मजल्यावर एक खोली. पहिल्या महिन्यात एका सकाळी दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली दिसली: केरवोखं. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंनी खुणांनी समजावलं. हा आठवडा तुझा. जिना झाडायचा, पुसायचा, दारापुढचा फुटपाथही, आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. श्वाबिया नावाच्या त्या भागात ही फार जुनी रीत आहे. मी पुन्हा पुन्हा ती पाटी वाचत उभी राहिले. 'केर' म्हणजे त्यांच्याकडं झाडणं, 'वोखं' म्हणजे आठवडा. तिथं गेल्यापासून ओळखीचा लागलेला तो पहिला शब्द होता आणि तो झाडूचा निघाला. आई पहाटे दारापुढं सडा टाकायची, तिचा खराटा गल्लीच्या फरशीवर घासायचा, तो आवाज कानात घेऊन मी चौतीस पायऱ्या झाडल्या. कोपऱ्यांत बोट घालून बघणाऱ्या मालकीणबाईंना नाव ठेवायला जागा उरली नाही.

कारखान्यात माझी जागा माल उतरवतात त्या शेडमध्ये होती. आमचं कास्टिंग न्हावाशेवाहून जहाजानं यायचं, साधारण महिनाभर समुद्रावर असायचं. लाकडी खोकी फोडली की पहिल्यांदा गंजरोधक तेलाचा वास यायचा आणि मग त्याच्या खालून आमच्या शेडचा वास, जळलेल्या वाळूचा. एकदा मी कास्टिंगची एक बॉडी उलटी करून हातोडीनं हलकेच ठोकली, तर आतल्या पोकळीतून चिमूटभर काळी वाळू माझ्या तळहातावर पडली. आमच्या मोल्डिंगची वाळू, कोळशाच्या भुकटीनं काळी झालेली. मला तिथं पाठवलं होतं ते नेमकं याचसाठी. पोकळीत राहिलेली वाळू म्हणजे दोष. तिची नोंद करायची, फोटो काढायचा, शिरोलीला रिपोर्ट पाठवायचा, पुन्हा होणार नाही असं लिहून द्यायचं. मी सगळं केलं. आणि ती चिमूट कागदाच्या पुडीत बांधून ड्रॉवरमध्ये ठेवली. दुपारी बाराला शेडमधून जाणारा प्रत्येक जण एकमेकांना "माल्टसाइट" म्हणायचा. शब्दाचा अर्थ जेवणाची वेळ. जेवायला निघालेलाही म्हणायचा, जेवून आलेलाही म्हणायचा. पहिले काही दिवस मी नुसती हसायचे. मग एक दिवस मीही म्हटलं, आणि म्हणताना गल्लीतलं "जेवलीस काय गं?" आठवून घसा दाटला. त्या प्रश्नालाही कुठं उत्तर हवं असतं!

फोन रोज करायचा ठरला होता, तो केला. आण्णांना बर्फ, ट्रेन, दुकानं यांत काही रस नव्हता. "वाळू कसली वापरत्यात तिकडं?" हा पहिल्या आठवड्यातला प्रश्न. नंतर एकदा मी एका प्रदर्शनात वाळूचा साचा थेट मशीनवर छापताना पाहिला, थरावर थर देत, पॅटर्नच्या लाकडाशिवाय. ते सांगावं की नाही हे दोन दिवस ठरेना. सांगितलं. पलीकडं खूप वेळ शांतता. मग म्हणाले, "आणि आकसायचं माप? ते कोण धरतंय?" मी म्हणाले, कॉम्प्युटर. "धरतंय न्हवं? मग झालं." ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर मागं जातात, उन्हाळ्यात साडेतीन तासांवर असलेलं घर एका रात्रीत साडेचार तासांवर गेलं. पहिल्या वर्षी मला त्याचं भान राहिलं नाही. मी नेहमीच्या वेळेला फोन केला तर आण्णा जागे, आई जागी, आणि दोघांचा आवाज ताणलेला. "तासभर झाला वाट बघाय लागलोय." मी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर साध्या घड्याळाशेजारी दुसरं घड्याळ लावलं, त्याच्यावर माझी वेळ. त्यानंतर मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेच मला आठवण करायचे.

भाषेचं मात्र मला अजून नीट उलगडत नाही. आम्ही कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना "आलो, गेलो, जेवलो" म्हणतो. हा लेख मी "आले, गेले" असा लिहितेय, कारण लिहिताना तसंच शिकवलंय, पण तोंडात "आलो"च येतं. स्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींच्या गणपतीला पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाईंनी प्रेमानंच विचारलं, "तू अशी मुलग्यांसारखी का बोलतेस गं?" मी म्हणाले, "आम्ही सगळ्याच अशा बोलतो." त्या हसल्या, मीही हसले, विषय संपला. पण पुढच्या वेळी "मी आणतो" म्हणताना जीभ अडखळली. दोन-तीन महिन्यांत "आणते" सहज यायला लागलं. तिकडं कारखान्यात एक म्हातारा फोरमन होता, अस्सल श्वाबियन. मी क्लासात 'इश' शिकून आलेली, तो 'मी' म्हणायला नुसतं 'इ' म्हणायचा, आणि प्रत्येक वस्तूला 'ले' लावून ती छोटी, लाडकी करून टाकायचा. मला कळत नाही म्हटल्यावर त्यानं भिंतीवरचं एक स्टिकर दाखवलं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यानं १९९९ पासून मिरवलेली जाहिरात: 'आम्हाला सगळं येतं. फक्त प्रमाण जर्मन तेवढं येत नाही.' मोटारी बनवणारं, जगाला यंत्रं विकणारं राज्य आपल्या बोलीचा असा पाट मांडून बसलंय, हे बघून मला एकाच वेळी आनंद झाला आणि लाजही वाटली. त्याच आठवड्यात आईला फोनवर "बरं, ठेवते" म्हणून गेले होते. आई थबकली. मग हळूच म्हणाली, "बरी हाईस न्हवं?" तिला वाटलं मला ताप आलाय.

हिवाळ्यातले रविवार लांब असतात. दुकानं बंद, जिन्यात पायाचा आवाज नाही, साडेचार-पाचला अंधार. नोव्हेंबरात एका दुपारी ढग फाटले आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन खोलीत आलं, आधी फरशीवर, मग पलंगाच्या पायाशी, मग वर चढत भिंतीवरच्या अंबाबाईच्या छोट्या फोटोच्या खाली येऊन थांबलं. मी घड्याळ बघितलं आणि मग कॅलेंडर. किरणोत्सवाचे दिवस होते. तिकडं काही तासांपूर्वीच मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायापासून वर चढताना बघायला गर्दी उभी राहिली असेल, श्वास धरून. कधी ढग येतात आणि किरण कमरेपर्यंतच पोचतात, तेव्हा सगळे एकदम हळहळतात. माझं ऊन फोटोपर्यंत पोचलं नाही. वीतभर खाली विझलं. मी बसून राहिले. खोलीत कुणी हळहळायला नव्हतं.

२०१९ च्या ईस्टरच्या सुट्टीत मी फ्लोरेन्सला गेले. दिवसभर गाड्या बदलत. सोबतच्या मुलींना चित्रं आणि चर्च बघायची होती. मला कासीनेच्या बागेच्या टोकाला जायचं होतं, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. तिथं आमच्या कोल्हापूर संस्थानचे राजाराम महाराज आहेत. इंग्लंड बघून परत येताना फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय वीस. दहनाची रीत त्या शहराला ठाऊक नव्हती, नगरपालिकेची खास परवानगी काढावी लागली, आणि संगम हवा म्हणून ही जागा निवडली. नंतर १८७४ साली तिथं छत्री उभी राहिली. ती रेखाटणारे मेजर मँट, ज्यांनी पुढं आपला नवा राजवाडा आखला. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या मोठ्या पुलाचं नावही त्यांच्यावरून पडलंय: इंडियानोचा पूल, भारतीयाचा पूल. सायकलवाले जात होते, एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता. पंचगंगा जिथं होते त्या प्रयाग चिखलीला लहानपणी आण्णा मला सायकलवरून घेऊन जायचे. संगमाचं पाणी दोन रंगांचं दिसतं काय हे बघायला. इथंही मी तेच बघितलं. मग कठड्याला टेकून उभी राहिले, आणि मनात भलताच प्रश्न आला. ह्या वीस वर्षांच्या पोराला जायला कुणी सांगितलं असेल? तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडणं. कुणीतरी राजवाड्यात "जावं महाराज" म्हटलं असणार. ती बातमी कोल्हापुरात पोचली तेव्हा त्या माणसानं काय केलं असेल? महाराजांचं दुःख सगळ्या गावानं केलं. त्या एका माणसाचं कुणी विचारलं असेल काय?

चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पूर आला.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. हे आकडे कोल्हापूरचं पोर पाढ्यांसारखं शिकतं. मी जर्मनीत शेडमध्ये उभी राहून फोनवर ते चढताना बघत होते. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, मग अजून उघडले. पाणी ५० च्या पुढं गेलं आणि थांबेना. शेवटी ५५ फूट ७ इंचांवर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, ट्रक दिवसेंदिवस उभे. तिकडं कारखान्यात मला रोज सकाळच्या मीटिंगमध्ये सांगावं लागायचं की माल का येत नाही. मी फोटो दाखवले. ते चांगली माणसं होती, हळहळले, आणि मग विचारलं की पुढची खोकी कोणत्या आठवड्यात धरायची. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांची लाईन थांबत होती. मी वहीत आठवड्याचा नंबर लिहिला. आमच्या घरात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं. आई-आण्णा राजारामपुरीत आत्तीकडं गेले होते, इतकंच मला सांगितलं होतं. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं शहरभर नळाला पाणी नाही, बाहेर महापूर आणि घरात घागर कोरडी. आण्णा फोनवर म्हणायचे, "समदं ठीक हाय. तू काम कर."

दहा दिवसांनी आत्तीनं फोन केला. डाळ-तांदळाचे डबे माळ्यावर चढवताना आईचा पाय घसरला होता, मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर होतं. आण्णांनी सांगू नको म्हणून बजावलं होतं. "तुझा बाप रातभर खिडकीत बसतोय," आत्ती म्हणाली. "मीच पाठवली तिला, म्हणतोय. मी न्हाई म्हटलो असतो तर आज ती हितं असती, म्हणतोय. आता तूच सांग त्याला काहीतरी." मी आत्तीला म्हणाले, सांगते. सांगतो. आणि मग आण्णांना फोन लावून आईच्या हाताबद्दल बोलले, प्लॅस्टर कधी काढणार, चिखल उपसायला माणसं मिळाली का, पॅटर्नच्या लाकडांचं काय झालं. सागवान तगलं, पण नकाशांचा संग्रह गेला. एवढं सगळं बोलले. ते एक वाक्य तेव्हा चार शब्दांचं होतं आणि मी ते बोलले नाही. मला वाटलं, आता पुरात कुठं हे काढायचं. परत गेल्यावर बघू. २०२० च्या जानेवारीत परत आले. परत आल्यावर वाटलं, आता कशाला. गल्लीत, लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत आण्णा कुणाला तरी सांगायचे, "मी पाठवली," आणि पुराची गोष्ट निघाली की गप्प व्हायचे. दोन्ही वेळा मी शेजारी असायचे.

तर गेल्या रविवारी काका गेले. आण्णांनी त्यांना जपानबद्दल काहीच सांगितलं नाही, इतकंच म्हणाले, "एक रात्र जाऊ दे. मग सांगा." काकांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. आईनं पेढे देवापुढं ठेवले. आण्णांनी रंधा उचलला. कपाटाखालचा तो दाणा माझ्या मुठीत होता, ओला झालेला.

"आण्णा, एक सांगायचं राहिलंय."

"हं."

"मी शुक्रवारीच हो म्हणून आलतो. साहेबांना. तुम्हाला विचारायच्या आधी."

रंधा थांबला नाही. अजून दोन हात फिरले, पातळ साल गुंडाळी होऊन त्यांच्या मांडीवर पडली. मग थांबला. "कुठल्या शुक्रवारी?"

"त्याच."

त्यांनी फळीवरून तळहात फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. बाहेर गंगावेशीच्या बाजूनं दुधाच्या किटल्या वाजत गेल्या. "म्हंजे मी जोतिबाला गेलो तवा झालंतं."

"होय."

"आणि मी नको म्हटलं असतं तर?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी किती वर्षं घोकत होते. गेलो नसतो, आण्णा. हे इतक्या वेळा घोकलं होतं की ते खरं वाटायला लागलं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिचा तो हात, मनगटाशी जरा वाकडा जुळलेला, चौकटीवर.

"ठाऊक न्हाई," मी म्हणाले. "खरंच ठाऊक न्हाई."

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फळी उभी केली, डोळा बारीक करून तिची कड बघितली आणि खुंटीकडं हात केला. तिथं दोन पट्ट्या शेजारी शेजारी लटकतात. पुरातून दोन्ही वाचल्या, आकडे तेवढे पुसट झालेत.

"कुठली देऊ?" मी विचारलं.

"साधी."

मी काढून दिली. त्यांनी कानामागची पेन्सिल घेतली, पट्टी फळीवर ठेवली आणि एक टोक माझ्याकडं सरकवलं.

"शून्य तिकडं धर. हलवू नको."

मी धरलं.